शंभर क्रंचेसनंतर

२०२३ च्या जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा मी रोज वीस क्रंचेस, म्हणजे पाठीवर झोपून पोटाच्या जोरावर खांदे वर उचलण्याचा व्यायाम, काढत होतो आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत शंभरावर पोहोचलो होतो. हा आकडा शिक्षकखोलीत मी दोन-तीनदा, सहज निघालेल्या विषयातून निघाल्यासारखा दाखवत, मुद्दाम सांगितला होता, हे इथे कबूल करून टाकतो. सांगलीतल्या एका माध्यमिक शाळेत मी एकोणीस वर्षे विज्ञान शिकवतो आहे. चव्वेचाळिसाव्या वर्षी, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांवर वाकून वाकून कंबर धरू लागली आणि डॉक्टरांनी औषधाऐवजी पोट व पाठ मजबूत करायला सांगितले, तिथून हे सगळे सुरू झाले.

माझी पद्धत अगदी सोपी होती: दर आठवड्याला चार-पाच क्रंचेस वाढवायचे. सुरुवातीच्या दोन महिन्यांत तिचा फायदाही झाला, कारण ज्या पोटाने वीस वर्षांत काही केलेले नव्हते त्याला काहीही दिले तरी ते नवेच होते. पण साठ क्रंचेसच्या पुढे गेल्यावर वेगळेच घडू लागले. पहिले चाळीस तर मला जाणवतच नसत, पुढच्या तिसात मान दुखू लागे, आणि शेवटचे तीस मी हाताने डोके ओढत, पाठीला हिसका देत कसेबसे पुरे करत असे. प्लँकचे, म्हणजे कोपरे आणि पायांच्या बोटांवर अंग सरळ धरून ठेवण्याचेही, तेच झाले होते. साडेतीन मिनिटे मी कोपरांवर राहू शकत होतो आणि त्या काळात समोर ठेवलेल्या मोबाइलवरच्या बातम्या ऐकून होत. जो व्यायाम करताना बातमी नीट कळते तो पोटाला कितीसा कळत असेल, ही शंका मला तेव्हाच यायला हवी होती. पोटाला लागणारा वेळ वाढत होता, त्याच्यावर येणारा भार मात्र जूनमध्ये होता तेवढाच होता.

आमच्या पेठेत एक जुनी तालीम आहे. तिथल्या वस्तादांचा धाकटा मुलगा माझ्या वर्गात होता, त्यामुळे येता-जाता नमस्कार होत असे. सुट्टीत एकदा त्यांच्याशी बोलताना मी माझा आकडा सांगितला.

‘‘वस्ताद, रोज शंभर मारतो.’’

‘‘मारा की. पण सर, दहाव्याला दम लागला पायजे, असं कायतरी करा. शंभर मोजायला शाळंत पोरं हायतच.’’

मग त्यांनी मला तिथेच सतरंजीवर आडवे केले. छातीवर घडी घातलेले माझे हात त्यांनी उचलून डोक्यामागे कानांना लावून सरळ लांब ताणले, आणि चार आकडे मोजत वर यायला व चार आकडे मोजत खाली जायला सांगितले. वर आल्यावर क्षणभर थांबायचे आणि खाली गेल्यावर पाठ पूर्ण टेकायची नाही, एवढ्या दोनच अटी होत्या. पाचव्या वेळी बरगड्यांच्या खालून ओटीपोटापर्यंत एक थरथर उतरत गेली, सातव्या वेळी खांदे जमिनीवरून सुटलेच नाहीत. शंभर काढणारा माणूस सातावर थांबला तेव्हा कोपऱ्यात जोर काढणारी दोन पोरे हसली, आणि वस्तादांनी त्यांना दटावले नाही.

घरी येताना मला जे सुचले ते खरे म्हणजे लाजिरवाणे होते. तरफेचा पाठ मी शेकडो मुलांना शिकवला आहे. टेकू, बल, भार, भारभुजा आणि बलभुजा हे शब्द मी झोपेतही सांगेन. भार तोच ठेवून तो टेकूपासून दूर नेला की उचलायला जास्त बल लागते, हे दाखवण्यासाठी मी दरवर्षी वर्गात फूटपट्टी आणि खोडरबर घेऊन उभा राहतो. क्रंचमध्ये टेकू कमरेशी असतो. हात मांडीवर असताना भारभुजा, म्हणजे टेकूपासून भारापर्यंतचे अंतर, सर्वांत लहान असते, छातीवर घेतले की ती वाढते, कानांशी नेले की आणखी वाढते आणि डोक्यामागे ताणले की सर्वांत मोठी होते. शरीराचे वजन या चारही अवस्थांमध्ये बहात्तर किलोच राहते. म्हणजे घरात एक किलोचेही लोखंड न आणता माझ्याकडे चार पायऱ्यांची शिडी होती आणि मी पाच महिने तिच्या पहिल्या-दुसऱ्या पायरीवर उड्या मारत बसलो होतो.

त्या आठवड्यापासून मी शाळेतला एक जुना, कोरा राहिलेला हजेरीपट घेतला आणि त्यात नोंदी सुरू केल्या. नियम असा ठरवला की प्रत्येक प्रकाराच्या आठ ते बारा आवृत्त्या, म्हणजे तोच प्रकार लागोपाठ तितक्या वेळा, मध्ये दीड-दोन मिनिटे थांबून, तीनदा करायच्या. बाराही आवृत्त्या हिसका न देता लागोपाठ दोन वेळा जमल्या की एकच गोष्ट अवघड करायची: हातांची जागा, किंवा वेग, किंवा थांबण्याचा काळ. नंतर वाचनात आले की हा विचार माझ्या जन्माच्या कितीतरी आधी मांडला गेलेला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थॉमस डीलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरने जखमी सैनिकांना पुन्हा उभे करताना हलक्या वजनाच्या असंख्य आवृत्त्यांऐवजी जड वजनाच्या मोजक्या आवृत्त्या दिल्या आणि स्नायूची ताकद वाढेल तसे वजन वाढवत नेले. ‘अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’ ही संस्था तर आकडाच देते: ठरवलेल्यापेक्षा एक-दोन आवृत्त्या जास्त जमू लागल्या की वजन दोन ते दहा टक्क्यांनी वाढवावे. माझी अडचण मात्र इथेच होती. लोखंडाच्या चकत्या अडीच किलोने वाढवता येतात. स्वतःच्या शरीराच्या बाबतीत एका पायरीवरून दुसरीवर जाताना भार एकदम उडी घेतो. या उडीनेच मला पहिल्यांदा आडवे पाडले.

२०२४ च्या जानेवारीत, क्रंचेसमध्ये चांगली प्रगती झाली म्हणून, मी पाठीवर झोपून दोन्ही पाय सरळ वर उचलणे आणि सावकाश खाली आणणे सुरू केले. योगासनांत आपण ज्याला उत्तानपादासन म्हणतो त्याचीच ही आवृत्त्यांमध्ये केलेली रीत. गुडघे वाकवून दोन आठवडे केले, सोपे वाटले, म्हणून तिसऱ्या आठवड्यात पाय एकदम सरळ केले. चौथ्या दिवशी शाळेत फळ्याखालचा खडू उचलायला वाकलो आणि कमरेत अशी कळ गेली की मुलांनी खुर्ची आणून दिली. पुढचे नऊ दिवस मी ताठ बसून आणि आणखी ताठ झोपून काढले.

फिजिओथेरपिस्ट ताईंनी मला जे समजावले ते मी आता प्रत्येकाला सांगतो, कारण पोटाचा व्यायाम करणाऱ्या बहुतेकांना ते माहीत नसते. पोटाचा पुढचा सरळ स्नायू खालच्या बरगड्यांच्या कूर्चांपासून निघून ओटीपोटाखालच्या हाडापाशी, जघनास्थीपाशी, संपतो. तो पायाला जोडलेलाच नाही. त्यामुळे तो पाय उचलूच शकत नाही. पाय उचलतात ते जांघेतले स्नायू, आणि त्यांतला मुख्य स्नायू कमरेच्या मणक्यांपासून निघून मांडीच्या हाडाला जाऊन मिळतो. दोन्ही पायांचे वजन शरीराच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश असते, म्हणजे माझ्या बाबतीत तेवीस-चोवीस किलो. एवढे वजन लांब सरळ करून धरले की हा स्नायू मणक्यांना पुढे ओढतो. त्या ओढीविरुद्ध कंबर जमिनीला चिकटवून ठेवणे हेच त्या व्यायामात पोटाचे काम असते. पोट हरले की कंबर कमानीसारखी उचलली जाते, पाय मात्र वर-खाली होतच राहतात आणि करणाऱ्याला वाटते की व्यायाम उत्तम चालला आहे.

यावर त्यांनी दिलेला उपाय एका पंचाचा होता. पाठीवर झोपायचे, कमरेखालच्या पोकळीत पंचाची घडी ठेवायची आणि कमरेने ती जमिनीशी दाबून धरायची. हात छताकडे, गुडघे काटकोनात वर. मग उजवा हात डोक्यामागे आणि डावा पाय पुढे, असे एका वेळी विरुद्ध बाजूचे हात-पाय सावकाश लांब करायचे आणि परत आणायचे. कुणीतरी बाजूला बसून पंचा ओढत राहायचे, आणि तो निसटला तर ती आवृत्ती धरायची नाही. हे काम माझ्या नववीतल्या मुलीने आनंदाने पत्करले. सकाळी पावणेसहाला डोळे चोळत ती माझ्याशेजारी बसे, पंचाचे टोक बोटाला गुंडाळी आणि माझा पाय लांब होत आला की नेमक्या त्या क्षणी झटका देई. ‘‘बाबा, निघाला!’’ ही घोषणा पहिल्या दिवशी मी अकरा वेळा ऐकली. हजेरीपटात त्या दिवसापुढे ‘३’ असा आकडा आहे.

पण या पंचानेच मला लहान लहान पायऱ्या पाडायला शिकवले. आधी फक्त टाच जमिनीला टेकवून परत आणणे, मग पाय अर्धा लांब करणे, मग एक पाय सरळ आणि दुसरा वाकलेला, मग सरळ केलेला पाय जमिनीच्या एक वीत वर तीन आकडे धरून ठेवणे, आणि अगदी शेवटी दोन्ही पाय सरळ. जानेवारीत मी जी उडी एका रात्रीत घेतली होती तिला आता नऊ आठवडे लागले. आणखी एक गोष्ट तरफेच्याच हिशेबातून लक्षात आली. झोपून सरळ पाय उचलताना सर्वांत जास्त भार पाय जमिनीलगत असताना येतो आणि ते छताकडे सरळ उभे झाले की भार जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून मी पाय नव्वद अंशांपर्यंत नेणेच सोडून दिले. जमिनीच्या एक वीत वरपासून निम्म्या उंचीपर्यंतच ते न्यायचे, म्हणजे वर जाऊन विसावा घेण्याची सोयच राहत नाही. आवृत्त्या बारावरून सातावर आल्या.

श्वासाबद्दलही इथेच सांगायला हवे. मी अवघड क्षणी श्वास रोखून धरत असे. तसे केले की पोट फुग्यासारखे ताठ होते आणि खोटा आधार मिळतो, शिवाय रक्तदाब चढतो तो वेगळाच. ताईंनी उलट सांगितले: पाय सर्वांत लांब असतानाच तोंडाने हळूहळू सगळा श्वास सोडा, बरगड्या खाली येऊ द्या, शेवटचा वाराही बाहेर काढा. काहीच न बदलता तोच प्रकार इतका जड झाला की मला दोन पायऱ्या मागे यावे लागले. प्लँकमध्येही मी हेच केले. कोपरे खांद्यांखालून वीतभर पुढे सरकवली, नितंब आवळून धरले आणि दहा पूर्ण उच्छ्वास मोजले, तेव्हा साडेतीन मिनिटांचा माझा प्लँक चाळीस सेकंदांत संपला. प्लँकचा विश्वविक्रम आता साडेनऊ तासांच्याही पुढे गेला आहे. ज्यांना तो मोडायचा आहे त्यांनी मिनिटे जरूर वाढवावीत. मला सात वाजता शाळेत जायचे असते.

एप्रिलमध्ये मी पोटाचे चाक आणले. दोन मुठी आणि मध्ये एक चाक, इतके साधे हे साधन आहे आणि दुकानात ते फारच निरुपद्रवी दिसते. गुडघ्यांखाली सतरंजीची घडी घेऊन मी ते पुढे ढकलले. जाताना काहीच त्रास झाला नाही, कारण जाणे माझ्या हातात राहिलेच नव्हते; थांबलो तेव्हा नाक फरशीवर होते. चाक जितके पुढे जाते तितकी भारभुजा वाढते, आणि ती इतक्या झपाट्याने वाढते की नवशिक्याला आपली हद्द कळण्याआधीच ती ओलांडली जाते. तेव्हा हद्द बाहेरून घालायची, असे मी ठरवले. घरात शहाबादी फरशी आहे. भिंतीपासून नव्वद सेंटिमीटरवर खडूने रेघ मारली आणि गुडघे त्या रेघेवर ठेवले, म्हणजे चाक ठरावीक अंतरावर जाऊन भिंतीला टेकते आणि थांबते. तिथून परत यायचे. भिंतीला टेकून जोर घ्यायचा नाही, नुसता स्पर्श करायचा. दहा आवृत्त्या कंबर न वाकता जमल्या की रेघ चार बोटे मागे.

ही चार बोटांची वाढ मला जानेवारीत मिळाली असती तर नऊ दिवसांचे दुखणे टळले असते. एप्रिल ते सप्टेंबर या काळात मी आठ रेघा मागे आलो आणि गुडघे भिंतीपासून दीड मीटरवर पोहोचले. पाचव्या रेघेवर मी तब्बल पाच आठवडे अडकलो होतो. तिथे वाढ थांबली तेव्हा मी अंतर तेच ठेवून जाण्याचा वेळ दोन आकड्यांवरून पाचावर नेला, आणि ते जमल्यावर सहावी रेघ आठवड्याभरात मिळाली. पत्नीने फरशी पुसताना रेघा दोनदा पुसल्या गेल्या. त्यानंतर मी अंतरे हजेरीपटातच लिहू लागलो, कारण अंदाजाने मारलेली रेघ नेहमी भिंतीच्या जवळच पडते असा माझा अनुभव आहे.

कमरेच्या बाजूंचे स्नायू या सगळ्यात मागे राहिले होते. त्यांच्यासाठी सर्वांत उपयोगी ठरली ती न्हाणीघरातली पंधरा लिटरची बादली. एका हातात पाण्याची बादली, दुसरा हात मोकळा, आणि गच्चीवर वीस पावले जाऊन वीस पावले परत. मग हात बदलायचा. बादली उजव्या हातात असली की शरीर उजवीकडे कलू नये म्हणून डावी बाजू काम करते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे इथे मला ती हवीहवीशी बारीक वाढ मिळाली: दर आठवड्याला एक तांब्या. आठ तांब्यांपासून सुरुवात केली. जरा कललो, घाई केली किंवा पाय आपटला की पाणी हिंदकळून पावलावर सांडे, त्यामुळे चूक दाखवायला आरशाची किंवा मुलीची गरज उरली नाही. बारा तांब्यांना गच्ची कोरडी राहायला दिवाळी उजाडली.

दरम्यान रोजचा व्यायाम मी आठवड्यातून तीन दिवसांवर आणला. सोपा होता तोवर तो रोज करता येत होता. सावकाश खाली येण्याचे प्रकार वाढल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिंकताना पोट दुखे, आणि दुखऱ्या पोटाने केलेला व्यायाम पुन्हा पाठीकडे जाई. दर पाचव्या आठवड्यात मी एक रेघ पुढे, दोन तांबे कमी, असा हलका आठवडाही घेतो. परीक्षांचे वेळापत्रक आधीच ठरलेले असल्यामुळे तो कुठे बसवायचा हा प्रश्न मला पडत नाही.

लोक विचारतात म्हणून पोट कमी झाले का याचेही उत्तर देतो. पँट दोन इंचांनी घटली आहे, पण तिचे श्रेय रात्रीचा भात निम्मा केल्याला आणि शाळेत चालत जाण्याला आहे. पोटाच्या व्यायामाने पोटावरचीच चरबी जळते असे होत नाही. पोटावर ‘सिक्स पॅक’च्या चौकटी दिसल्या तरी त्या किती दिसाव्यात हे त्या स्नायूवरच्या आडव्या पट्ट्यांवर अवलंबून असते आणि त्या जन्मजातच ठरलेल्या असतात. कंबर मात्र उत्तरपत्रिकांच्या दोन हंगामांत एकदाही धरली नाही.

ऑक्टोबरपासून मी शाळेच्या मैदानातल्या सिंगल बारला लोंबकळू लागलो. पहिले दोन आठवडे पोटाचा प्रश्नच आला नाही, कारण पोट थकण्याआधी हाताची पकड सुटत होती. वीस सेकंद नुसते लटकणे हाच व्यायाम होता. मग गुडघे वर घ्यायला लागलो तर अंग पुढे-मागे हलू लागले आणि त्या हेलकाव्यानेच गुडघे आपोआप वर येऊ लागले. मैदानातल्या आठवीच्या एका पोराने अत्यंत गंभीरपणे विचारले, ‘‘सर, झोका घेताय?’’ त्यानंतर मी प्रत्येक आवृत्तीच्या आधी पूर्ण स्थिर होईपर्यंत थांबू लागलो आणि आवृत्त्या दहावरून चारावर आल्या.

इथे तरफेचा हिशेब उलटा होतो, हे मला फार आवडले. झोपून पाय उचलताना सुरुवात सर्वांत जड असते. लटकून उचलताना सुरुवात फुकट मिळते आणि पाय जमिनीला समांतर झाले की भार सर्वांत जास्त होतो. त्याहूनही वर, जिथे कंबर स्वतः वाटीसारखी वळून ओटीपोट छातीकडे यावे लागते, तिथे पोटाचे खरे काम सुरू होते. गुडघे नुसते कमरेपर्यंत आणून सोडणारा माणूस बराचसा जांघेचाच व्यायाम करत असतो. म्हणून मी आधी वाकलेले गुडघे छातीला लावणे शिकलो, मग वर तीन आकडे थांबणे, मग एक पाय सरळ व एक वाकलेला, आणि २०२५ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन्ही पाय सरळ.

सुट्टीतल्या एका संध्याकाळी वस्ताद तालमीतल्या बारपाशी बसले होते. मी तीन आवृत्त्या न हलता काढल्या. चौथ्या वेळी पाय समांतर रेषेपर्यंत आले आणि थरथरत तिथेच थांबले, म्हणून मी बार सोडून खाली उतरलो. शंभराचा आकडा त्यांना आठवत होता की नाही कोण जाणे. त्यांनी तो काढला नाही. तंबाखू मळता मळता ते एवढेच म्हणाले, ‘‘वर जातंय झ्याक. खाली येताना लई घाई करताय, सर. येताना पाच मोजा.’’

त्या दिवसापुढे हजेरीपटात ‘३’ लिहिले आहे. पाच मोजून खाली येण्याची पहिली नोंद दोन दिवसांनंतरची आहे, आणि तिच्यापुढे ‘१’ आहे.